भिरूड की हुमणी? लाकूड पोखरणारी अळी ओळखायची कशी

आपल्या कोल्हापूर भागात पांढरी, जाड अळी कुठूनही निघाली तरी तिचं नाव ठरलेलं असतं: हुमणी. उसाच्या बुडातली हुमणी, उकिरड्यातली हुमणी, आणि आंब्याच्या खोडातून निघाली तरी हुमणीच. उसाच्या पट्ट्यात ते साहजिकही आहे, हुमणीनं इथल्या प्रत्येक घराला कधी ना कधी पाणी पाजलंय. पण आंब्याच्या खोडातली अळी हुमणी नसते. हुमणी मातीत राहते, मुळं खाते, म्हणून तिचा बंदोबस्त मातीत होतो. खोडातली अळी सालीच्या आत, लाकडात बसलेली असते. मातीत काहीही ओतलं तरी तिच्यापर्यंत ते पोचत नाही.

आमच्या बांधावर एक रायवळ आंबा होता, लोणच्याला गावात नाव असलेला. बुंध्याशी भुसा पडू लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ती वाळवी ठरवली आणि दोन वर्षं वाळवीचं औषध बुडात ओतलं. तिसऱ्या वर्षी जूनच्या पहिल्या वाऱ्यात मोठी फांदी मोडून पडली. मोडलेल्या तोंडात अंगठा जाईल एवढं भोक होतं आणि भोकात अळी. वाळवीची खूण असलेलं मातीचं पुटकं त्या झाडावर कुठंच नव्हतं. ते आधी बघितलं असतं तर झाड वाचवायला दोन वर्षं हातात होती. तेव्हापासून मी या अळ्या बघतोय, आणि नवीन माणसाला सुरुवात कुठून करायची हे कळावं म्हणून हे लिहितोय.

लाकडातल्या अळ्यांमधलं सगळ्यात मोठं घराणं लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचं. शास्त्रात त्याला सेरँबिसिडी म्हणतात. जगभरात ३५,००० हून जास्त जाती नोंदल्या आहेत. भुंगेरा ओळखायला सोपा, कारण मिशा अंगाएवढ्या नाहीतर त्याहूनही लांब. पण तो थोडेच दिवस दिसतो. आयुष्याचा बहुतेक काळ जातो अळीत, लाकडाच्या आत, आणि आपली गाठ पडते ती अळीशी. जुन्या माणसांकडे झाड पोखरणाऱ्या किड्याला चांगला शब्द आहे, भिरूड. 'खोडकिडा' हा शब्द मात्र जपून वापरा. उसातला खोडकिडा ही पतंगाची अळी आहे, आंब्यातला खोडकिडा ही भुंगेऱ्याची. नाव एक, प्राणी वेगळे.

आधी सामान

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, एक अरुंद पटाशी, लहान हातोडी, धारदार चाकू, मऊ ब्रश, चिमटा, पांढरी बशी, मोजपट्टी, पेन्सिल आणि जाड कागदाचे तुकडे. पेन्सिलच घ्या, चिठ्ठीवरचं शाईचं लिखाण अळी जपायच्या अल्कोहोलमध्ये उतरतं. मोबाइलचा कॅमेरा असतोच.

साल फोडण्याआधी

ही पायरी नवीन माणसं हमखास गाळतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथंच असते. अळी एकदा बशीत आली की ती कुठल्या झाडाची, खोडाच्या कुठल्या उंचीवरची, सालीखालची की गाभ्यातली, हे सगळं मागं राहतं. म्हणून हत्यार लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि लिहा. झाड कोणतं, जिवंत आहे की वाळलेलं, भोक जमिनीपासून किती उंचीवर आहे, भोकातून काय बाहेर येतंय.

भुसा हातात घ्या. दोन बोटांत चोळा. लांब मिशांच्या मोठ्या अळीचा भुसा जाडाभरडा असतो, त्यात तंतू दिसतात, ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा. जिवंत आंब्यात तो ओला, तांबूस असतो आणि डिंकात मिसळून सालीला चिकटतो. मैद्यासारखी मऊसूत पूड असेल आणि भोकं टाचणीएवढी बारीक असतील तर ते बारीक भुंगेरे आहेत, लाकडाचं पीठ करणारे. त्यांच्या अळ्या वेगळ्या. खसखशीसारखे सुटे, कडक, सगळे एका मापाचे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भिंगाखाली त्या दाण्यांना सहा बाजू दिसतात. आणि सालीवर भुशाची, विष्ठेची जाळीदार पट्टी चिकटलेली असेल, रेशमानं विणल्यासारखी, तर ती साल खाणाऱ्या पतंगाच्या अळीची करामत. ती अळी रात्री त्या पट्टीच्या आडून साल कुरतडते.

मग भोक बघा. लांब मिशांचा भुंगेरा बाहेर पडतो ते भोक गोल किंवा लंबगोल असतं. दुसरं एक घराणं आहे चकाकणाऱ्या सोनकिड्यांचं, त्यांचं भोक चपटं असतं, काहींचं तर एका बाजूनं सपाट, आडव्या पडलेल्या अर्ध्या चंद्रासारखं. भोकात नखाचं टोक फिरवून बघितलं की हा फरक डोळ्यांआधी बोटाला कळतो. वाश्यात करंगळीएवढं अगदी गोल, स्वच्छ भोक आणि आसपास काळा मोठा भुंगा घोंघावत असेल तर तो लाकडात घर करणारा भुंगा, मधमाश्यांच्या नात्यातला. त्यात भिरूड शोधू नका.

शेवटी खोडाला कान लावा. मोठी अळी लाकूड कुरतडते तो आवाज शांत वेळी खरंच ऐकू येतो. मी पहिल्यांदा ऐकला तो रात्री, दिवे गेलेले असताना, माळ्यावरच्या जुन्या चौकटीतून. थांबून थांबून, करकर, करकर. उंदीर असेल म्हणून आम्ही दोन दिवस पिंजरा लावला होता.

अळी बाहेर काढताना

भोकात तार घालून ओढली की अळी फाटते. झाड वाचवायला तार चालते, ओळखायला नाही. वाळलेली फांदी किंवा ओंडका असेल तर पटाशी लाकडाच्या तंतूंच्या दिशेनं लावा आणि ढलप्या काढत बोगद्याच्या बाजूबाजूनं जा. बोगदा सापडला की त्याचा आडवा छेद बघा. लंबगोल असेल तर आपण बरोबर जागी आहोत. अगदी चपटा आणि भुसा आत घट्ट, कमानीच्या थरांसारखा दाबून भरलेला असेल तर सोनकिड्याची शक्यता जास्त.

बोगदा लाकडात वळून रुंद झाला आणि तोंडाशी जाड तंतूंचा बोळा लागला, तर पलीकडे कोषाची खोली आहे. हात हलका करा. आत कोष असेल तर तुमचं काम तिथंच झालं. लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या कोषावर भावी मिशा अंगालगत वळवून, दोराचं वेटोळं करून ठेवल्यासारख्या दिसतात. एवढी ठसठशीत खूण अळीत कुठंच मिळत नाही.

अळी चिमट्यानं मधोमध धरा, डोक्याकडून नको. विषारी नाही, पण जबडा लाकूड फोडणारा आहे, बोटाला चिमटा चांगला बसतो.

बशीत पहिली तीन मिनिटं

आता बाकीच्यांना वगळत जायचं. क्रम मोडू नका.

अळी इंग्रजी सी सारखी वाकडी पडलेली आहे का? असेल तर पाय बघा. छातीला सहा ठळक पाय, डोकं तपकिरी आणि पूर्ण बाहेर, शेवटचा भाग फुगलेला आणि काळपट, तर ती हुमणीच्या गोतातली. उकिरड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात सापडते ती गेंड्या भुंग्याची अळीही याच घडणीची. वाकडी, पण पाय अजिबात नाहीत आणि डोकं गोल, तपकिरी, तर सोंडकिड्याची. नारळाच्या शेंड्यात सापडणारी लाल सोंड्या भुंग्याची जाड अळी ती हीच. आणि वाकडी, अगदी लहान, पाय असलेली, मैद्यासारख्या पुडीत लोळणारी असेल तर बारीक भुंगेऱ्यांची.

सरळ आहे? मग पोटाखाली बघा. पोटाला मांसल, गुबगुबीत पायांच्या जोड्या असतील तर ती पतंगाची अळी. अंग कडक, चकचकीत, पिवळसर तपकिरी असेल आणि बशीत झपझप पळत असेल तर तिला परत ठेवा. सालीखाली फिरणाऱ्या अशा काही अळ्या शिकारी असतात आणि पोखरणाऱ्या अळ्यांनाच खातात.

सरळ, मऊ, दुधी पिवळसर, पाय नसलेली किंवा भिंगातूनच दिसतील इतके बारके पाय असलेली अळी उरली, तर प्रश्न दोनच घराण्यांचा राहिला, आणि तो मानेपाशी सुटतो.

सोनकिड्याची अळी देवघरातल्या पळीसारखी दिसते. डोक्यामागचा पहिला खंड, म्हणजे अंगाचं पहिलं वळं, एकदम रुंद आणि चपटा, मग पुढचं अंग दांडीसारखं बारीक. त्या रुंद भागावर कडक पट्टी असते, पाठीकडेही आणि पोटाकडेही, आणि पाठीकडच्या पट्टीवर बऱ्याचदा उलट्या व्ही किंवा वायसारखी चीर. लांब मिशांच्या अळीचाही पहिला खंड बाकीच्यांपेक्षा मोठा असतो, पण अंग मागं हळूहळू निमुळतं होतं, पळी होत नाही. कडक पट्टी ठळक असते ती पाठीकडे. म्हणून अळी पालथी-उताणी दोन्ही करून बघा. नुसत्या वरच्या फोटोवरून मला विचारणारे अर्धे लोक इथंच फसलेले असतात.

यानंतर माझी सगळ्यात आवडती खूण. अळी बशीत कुशीवर ठेवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. छातीमागच्या पहिल्या सहा-सात खंडांवर, वरच्या आणि खालच्या बाजूला, मधोमध उशीसारखे फुगवटे दिसतील. भिंगातून काहींवर बारीक दाण्यांच्या ओळी दिसतात, तर काहींवर सुरकुत्यांचं जाळं. पाय नसताना ही अळी बोगद्यात पुढंमागं जाते ती याच उशांच्या जोरावर. वरची उशी छताला, खालची तळाला दाबायची, अंग ताणायचं, सोडायचं. म्हणूनच सपाट बशीत ती केविलवाणी वळवळते, आणि अर्ध्या चिरलेल्या बोगद्यात परत ठेवली की दोन ढकलण्यांत आत जाते. सोनकिड्याच्या अळीला या उशा नसतात. मान बघून शंका राहिली तर उशा बघा, बहुतेक वेळा तिथं निकाल लागतो.

कुशीवर असतानाच श्वासाची छिद्रं मोजा. छातीवर एक जोडी, पोटावर आठ. एका बाजूनं नऊ तांबूस ठिपके. बऱ्याच भुंगेऱ्यांच्या अळ्यांत ती एवढीच असतात, म्हणून याचा उपयोग खंड मोजायला. उशा कितव्या खंडावर आहेत ते यावरून बिनचूक सांगता येतं.

घराण्यातल्या तीन शाखा

इथून पुढं डोकं बघायचं. ते छातीत निम्म्याहून जास्त ओढलेलं असतं, बाहेर फक्त काळा जबडा आणि कपाळाची पट्टी. जिवंत अळीत ते नीट दिसत नाही. मेलेल्या अळीची त्वचा मानेपाशी चाकूच्या टोकानं हलकेच मागं सारली की आतलं डोकं उघडं होतं.

डोकं रुंदीपेक्षा लांब, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, आणि पाय अजिबात नाहीत: ही लॅमिनी शाखा. आंब्याचं भिरूड यातलं.

डोकं आडवं, लांबीपेक्षा रुंद, जबडा आखूड आणि टोकाला गोलसर, सुतारांच्या गोल पटाशीसारखा. पाय बहुधा असतात, पण केसाएवढे: सेरँबिसिनी. काजूचा खोडकिडा यातला.

डोकं रुंदच, पण जबडा टोकदार, तोंडाच्या वर कपाळाला कंगोरा किंवा दातेरी कड, पाय बारीक असले तरी दिसण्याजोगे, आणि अळी बहुधा कुजलेल्या बुंध्यात नाहीतर मुळात: प्रायोनिनी. आपल्या घाटातल्या मोठाल्या तपकिरी भुंगेऱ्यांच्या अळ्या या शाखेतल्या.

लांबीवरून काही ठरवू नका. लॅमिनीची लहान अळी आणि सेरँबिसिनीची मोठी अळी एका मापाची असू शकते, आणि एकाच जातीच्या दोन अळ्यांत वयानुसार दहापट फरक असतो.

झाडावरून नावाकडे

शाखा कळली की मघाशी लिहून ठेवलेलं झाड कामाला येतं. इथं मी आपल्या भागातल्या, नवीन माणसाला खरंच भेटणाऱ्या मोजक्याच जाती सांगतो.

जिवंत आंबा, उंबर, अंजीर किंवा फणस, खोड किंवा जाड फांदी, लॅमिनीची बोटाएवढी अळी: पहिला संशय बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटावर. पूर्ण वाढलेली अळी आठ सेंटिमीटरच्या पुढं जाते. मादी सालीत जबड्यानं चीर पाडून एकेक अंडं घालते. लहान अळी सालीखाली वेडीवाकडी फिरते आणि मोठी होत लाकडात शिरते. भुंगेरे पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात, रात्री फिरतात, अंगणातल्या दिव्यावर येतात. राखाडी, चार-पाच सेंटिमीटरचा, मानेवर दोन लालसर नारिंगी चंद्रकोरी आणि मानेच्या दोन्ही बाजूंना काटा. एकदा बघितला की चुकत नाही.

आजरा, चंदगड, भुदरगडकडचा काजू: बुंध्याशी, जमिनीपासून मीटरभराच्या आत किंवा उघड्या मुळांवर डिंक आणि भुसा, पानं पिवळी पडायला लागलेली, आत सेरँबिसिनीची अळी. हा प्लोसीडेरस फेरुजिनियस, नव्या पुस्तकांत निओप्लोसीडेरस. याची एक खूण एवढी पक्की आहे की अळीकडं बघायचीही गरज पडत नाही. कोषाला जाण्याआधी ही अळी स्वतःभोवती चुन्याचं पांढरं कवच करते, लहान अंड्यासारखं. खोडाच्या नाहीतर मुळाच्या लाकडात ते कवच मिळालं की प्लोसीडेरसच्या गोताबाहेर संशयित शोधू नका. ही अळी सालीखाली गोल फिरत झाडाचा अन्नमार्गच कापते. त्यामुळं काजूत पिवळं पान दिसायची वाट बघणं महागात पडतं. वर्षातून दोन-तीनदा बुंधा गवत काढून स्वच्छ करा आणि वाकून बघा.

बाभळीचं खोड आणि मूळ पोखरणारी लॅमिनी शाखेची अळी सेलोस्टर्ना स्कॅब्रेटरची असण्याची शक्यता मोठी. हीच सांगलीकडच्या द्राक्षबागांतही त्रास देते. द्राक्षाच्या वेलीत मात्र स्ट्रोमॅशियम बार्बाटमही सापडतो आणि तो सेरँबिसिनी शाखेतला. म्हणजे एकाच वेलीत दोन शाखा. तिथं डोकं बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही.

हाच स्ट्रोमॅशियम वाळलेल्या लाकडातही राहतो. घरातली चौकट, पलंगाचा पाया, वखारीत पडून राहिलेला ओंडका. कोरड्या लाकडात अन्न कमी, म्हणून अळी वर्षानुवर्षं आत राहते. बाहेरून पॉलिश तसंच, आत भुसा. टिंबर मार्केटमध्ये माल घेताना फळी वाजवून बघणारे मिस्त्री याच कारणानं वाजवतात. घरात नवीन फर्निचर आल्यावर दोन-चार वर्षांनी भोक पडलं, तर किडा घरात शिरला असं नाही, तो बहुतेक लाकडातूनच आलेला असतो.

तोडून ठेवलेल्या बांबूत लंबगोल भोकं आणि आत सडपातळ अळी असेल तर क्लोरोफोरस अॅन्युलॅरिस. भुंगेरा पिवळा, काळ्या नक्षीचा. बांबूतून नुसतं पीठच गळत असेल तर ते बारीक भुंगेरे, मघाशी वगळलेले.

नाव पक्कं करायचं तर

झाड आणि शाखा जुळली तरी ते अनुमान आहे. एका आंब्यात तीन-चार जातींच्या अळ्या असू शकतात. अळीवरून थेट जात सांगणं हे सूक्ष्मदर्शकाचं काम. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत जे. सी. एम. गार्डनर यांनी शंभर वर्षांपूर्वी भारतीय भुंगेऱ्यांच्या अळ्यांची तपशीलवार वर्णनं करायला घेतली, आणि आजही या कामाचा पाया तोच. आपल्याला घरी जमतो तो सोपा मार्ग म्हणजे अळीचा भुंगेरा होऊ देणं.

एकाच ओंडक्यातल्या दोन अळ्या काढून जपा आणि बाकीचा ओंडका न फोडता ठेवा. पत्र्याचा डबा किंवा पिंप, वर बारीक लोखंडी जाळी. कापड आणि प्लॅस्टिकची जाळी भुंगेरे कुरतडून जातात. सावलीत ठेवा, ओला ओंडका पूर्ण वाळू देऊ नका, अधूनमधून पाण्याचा हलका शिडकावा द्या. डब्यावर तारीख आणि झाड लिहा. आंब्याचा ओंडका उन्हाळ्यात ठेवलात तर जूनमध्ये रोज डोकवा. कोरड्या लाकडाला मात्र वर्षं लागू शकतात, डबा विसरू नका.

जपायच्या अळ्या थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या की काळ्या पडतात आणि सगळ्या खुणा जातात. आधी नुकतंच उकळून उतरवलेल्या पाण्यात मिनिटभर सोडा, मग ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये. अंग ताणलेलं राहतं, उशा स्पष्ट दिसतात. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते. माझ्याकडे पहिल्या वर्षाच्या अकरा बाटल्या अशा आहेत ज्यात सुंदर अळ्या आहेत आणि झाड कोणतं ते कुणालाच माहीत नाही. आता चिठ्ठीवर मी एवढं लिहितो: 'रायवळ आंबा, जिवंत, मुख्य खोड, जमिनीपासून दीड मीटर, लाकडात चार सेंटिमीटर आत, ओला तंतुमय भुसा', गाव आणि तारीख.

हे सगळं आपल्या बांधावर, परसात, सरपणाच्या ढिगात आणि वखारीत मालकाला विचारून करायचं. राधानगरी अभयारण्यात पडलेला ओंडकाही फोडायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथं कुठलाही नमुना गोळा करायला वन विभागाची परवानगी लागते. आणि कुजलेल्या बुंध्यातल्या अळ्या कुणाच्या बागेचं काही बिघडवत नाहीत, मेलेलं लाकूड त्या मातीला परत देतात. बघून झालं की साल परत झाका.

औषधाचा निर्णय नाव कळल्यानंतरचा, आणि तो दुकानात उभं राहून घेऊ नका. कृषी महाविद्यालयातल्या कीटकशास्त्राच्या माणसांना किंवा शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात दाखवा. जाताना नुसती अळीची बाटली नेऊ नका. बोगद्याचा छेद दिसेल अशी एक ढलपी, चिमूटभर भुसा कागदाच्या पुडीत आणि झाडाची पानासकट डहाळी, एवढं सोबत न्या.